पाऊस आला की कुत्रा घरातच शू करतो? छोट्या जातीच्या ‘हट्टी’ कुत्र्याला सवय लावायची ती अशी

जून महिना. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर पावसाने ठाण मांडलेले. घरातला पांढराशुभ्र पॉमेरियन पडवीच्या कडेपर्यंत येतो, खळ्यात साचलेले पाणी हुंगतो आणि मागे फिरतो. पाच मिनिटांनी माजघरातल्या पायपुसण्यावर ओल दिसते. घरातल्या सगळ्यांचे मत एकच: कुत्रा हट्टी आहे.

असे दोन-तीन महिने चालले की घरातली माणसे कंटाळतात. मग कुत्र्याची रवानगी मांगरात होते किंवा तो कुणाला तरी देऊन टाकला जातो. खरे तर बहुतेक वेळा हा हट्ट नसतोच. कुत्र्याला योग्य जागा नीट शिकवलेली नसते आणि चुकीची जागा मात्र रोजच्या सरावाने पक्की झालेली असते. ही सवय मोडता येते, आणि मोठ्या वयाच्या कुत्र्यालाही नव्याने शिकवता येते.

छोट्या कुत्र्यांनाच जास्त वेळ का लागतो?

कोकणातल्या घरांत दिसणारा ‘पॉमेरियन’ बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. त्याशिवाय २००३च्या हचच्या जाहिरातीनंतर घराघरांत माहीत झालेला पग, आणि अलीकडे शिह त्झू, डॅशहुंड असे छोटे कुत्रेही पाळले जातात. या सगळ्यांच्या बाबतीत काही गोष्टी सारख्या असतात.

- मूत्राशय लहान असते. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की जास्तीत जास्त तितके तास ते दिवसा कळ काढू शकते, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. छोट्या जातींत याहूनही कमी धरावे.
- चूक दिसत नाही. लॅब्राडॉरने घरात शू केली तर लगेच कळते. छोट्या कुत्र्याचे चमचाभर पाणी पलंगाखाली वाळून जाते. कुणी अडवत नाही, आणि सवय मुरत जाते.
- पाऊस त्यांना जास्त बोचतो. पाय आखूड असल्याने ओले गवत थेट पोटाला लागते, आणि लहान शरीर लवकर गार पडते. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.
- पायाखालचा पृष्ठभाग लक्षात राहतो. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या वयापासून पिल्लू ठरावीक पृष्ठभागाला सरावू लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रावर वाढलेल्या पिल्लाला गावची ओली माती म्हणजे ‘इथे करायचे’ असे वाटतच नाही. पायपुसणे, गोणपाट, गोधडी मात्र मऊ आणि शोषून घेणारी असल्याने त्याला आवडते.

आधी जागा ठरवा, तीही पावसाळ्यासकट

कोकणात फक्त ‘बाहेर’ ही जागा ठरवून चालत नाही, कारण चार महिने बाहेर जाणेच कठीण असते. त्यामुळे पाऊस लागण्याआधीच छपराखालची एक जागा तयार ठेवावी. पडवीचा कोपरा, मांगराची वळचण किंवा ताडपत्री टाकून केलेला आडोसा यांपैकी काहीही चालेल. तिथे पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये माती, वाळू किंवा गवताची ढेप ठेवावी. कुत्र्याने आधी शू केलेला कागदाचा तुकडा त्या मातीत ठेवला की वासावरून त्याला जागा ओळखता येते.

वर्तमानपत्राची सवय असलेल्या कुत्र्यासाठी सुरुवातीला ट्रेवर कागद पसरावा. दर दोन-तीन दिवसांनी कागद थोडा लहान करत न्यावा, म्हणजे माती उघडी पडत जाते. जागा मात्र बदलू नये. आज पडवी, उद्या न्हाणीघर, परवा गच्ची असे झाले की कुत्रा गोंधळतो.

पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर नेऊ नये. पार्वोचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. कुंपणातली ही छपराखालची जागा या काळात सोयीची पडते.

दिवसाचे वेळापत्रक

सवय लावण्याचे निम्मे काम घड्याळ करते. कुत्र्याला पुढील वेळी न चुकता ठरलेल्या जागी न्यावे:

१. सकाळी डोळे उघडताच
२. खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत
३. प्रत्येक झोपेनंतर
४. खेळून झाल्यावर
५. रात्री झोपण्याआधी
६. पिल्लू लहान असेल तर जागेपणी दर तासाला, आणि रात्री एकदा उठून

जेवणाच्या वेळा ठरलेल्या हव्यात. भांडे दिवसभर भरलेले राहिले तर शीची वेळ कधीच ठरत नाही. पाणी मात्र तोडू नये. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात ते धोक्याचे आहे.

एक अडचण खास मालवणी घरांतली. सुके बांगडे, सुकट किंवा जेवणातले उरलेले कालवण कुत्र्याला घातले जाते. खारट मासळीने तहान वाढते आणि शूही वाढते. कालवणातला कांदा-लसूण तर कुत्र्यांना अपायकारकच असतो. मासे द्यायचे असतील तर काटे काढलेला, मीठ-मसाला न लावता उकडलेला तुकडा द्यावा.

बक्षीस दोन सेकंदांत

ठरलेल्या जागी नेताना पट्टा लावावा आणि तिथे शांत उभे राहावे. खेळ नको, गप्पा नकोत. दरवेळी ‘शू कर’ असा एकच शब्द वापरावा, घरातल्या सगळ्यांनी तोच. काम झाल्याबरोबर उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा लहानसा तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. घरात परत येऊन खाऊ दिला तर कुत्र्याच्या लेखी ते घरात येण्याचे बक्षीस ठरते.

पाच मिनिटांत काहीच झाले नाही तर आत आणावे, पण मोकळे सोडू नये. पट्टा स्वतःच्या हाताशी ठेवावा किंवा त्याला त्याच्या जाळीच्या घरात ठेवावे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे. कुत्रा झोपायची जागा सहसा घाण करत नाही. म्हणून जाळीचे घर उभे राहून वळता येईल एवढेच असावे. ते उन्हात ठेवू नये आणि कुत्र्याला तासन्‌तास कोंडू नये.

गोल फिरणे, जमीन हुंगणे, खेळता खेळता अचानक कोपऱ्याकडे जाणे ही शू लागल्याची लक्षणे. ती दिसताच हातातले काम सोडून त्याला उचलावे.

चूक झाली तर मारू नका

‘गुन्हेगार चेहऱ्याच्या’ कुत्र्यांचे व्हिडिओ सोशल मीडियावर सतत फिरतात. मान खाली, कान मागे, नजर चुकवलेली. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा चेहरा चूक केल्यामुळे नव्हे, तर मालक रागावल्यामुळे होतो असे दिसले. काहीही न केलेले कुत्रेही ओरडा खाल्ल्यावर तसेच दिसत होते.

त्यामुळे नाक शूत घासणे किंवा अर्ध्या तासाने मारणे याचा काही उपयोग होत नाही. ‘माणसासमोर शू करणे धोक्याचे’ एवढेच कुत्रा शिकतो आणि पुढच्या वेळी कपाटामागे जातो. शिवाय प्राण्यांना मारहाण करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. प्रत्यक्ष करताना सापडला तर फक्त टाळी वाजवून थांबवावे आणि ठरलेल्या जागी न्यावे.

फिनेलने वास जात नाही

फिनेलमुळे माणसाला वास येत नाही, पण कुत्र्याच्या नाकाला जुनी जागा सापडतेच. अमोनिया असलेले क्लीनरही टाळावेत, कारण लघवीतही अमोनियाचा वास असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे क्लीनर सर्वांत चांगले. ते नसेल तर पाण्यात व्हिनेगर मिसळून जागा पुसावी. सारवलेली जमीन आणि जांभा दगड दोन्ही लघवी शोषतात. तिथे वरवर पुसून भागत नाही. सारवलेला तेवढा भाग खरवडून पुन्हा सारवावा. पायपुसणी, गोणपाट काही आठवडे उचलून ठेवावीत.

पावसाळ्यात कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांप्रमाणेच कुत्र्यांच्या लघवीतूनही माणसाला होऊ शकतो. कुत्र्याला लेप्टोची लस मिळते. ती दरवर्षी द्यावी लागते.

रात्री एकटे सोडू नका

बाहेर नेताना टॉर्च हवाच. जांभ्याच्या कातळावर आणि दगडांच्या गडग्यांत फुरसे असते, आणि ते मुख्यतः रात्री फिरते. वस्तीजवळ येणारा बिबट्या छोटा कुत्रा सहज उचलतो. रात्रीची फेरी खळ्यातच, पट्टा लावून आणि सोबत राहून व्हावी. आत आल्यावर अंग कोरडे करून गोचीड तपासावी.

गणपतीत पुन्हा बिघडले तर?

चतुर्थीला चाकरमानी येतात, घर भरते, फटाके वाजतात, जेवणाच्या वेळा बदलतात. शिकलेला कुत्राही या दिवसांत चुकतो. मुंबईहून आणलेल्या कुत्र्याला तर घरच नवे असते. अशा वेळी पहिल्या दिवसापासून पुन्हा पट्टा, वेळापत्रक आणि खाऊ सुरू करावा. कुत्र्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्यावी. ‘कुणीतरी नेले असेल’ असे म्हणून बऱ्याचदा कुणीच नेत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

नीट शिकलेला कुत्रा अचानक घरात शू करू लागला, वारंवार थोडी थोडी होऊ लागली, लघवीत रक्त दिसले किंवा तो खूप पाणी पिऊ लागला, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार यामागे असू शकतो. माणूस जवळ येताच थेंब सोडणारा कुत्रा घाबरलेला किंवा फार आनंदलेला असतो. त्याला रागावल्याने ते वाढते. नर कुत्रा पाय वर करून खुर्च्यांच्या पायांवर शू उडवत असेल तर ती हद्द आखण्याची सवय आहे. नसबंदीने ती अनेकदा कमी होते.

पिल्लाला पूर्ण सवय लागायला साधारण चार ते सहा महिने लागतात. छोट्या जातींत काहींना वर्षही लागते. सलग आठ आठवडे घरात एकही चूक झाली नाही की एकेक खोली मोकळी करत जावी. पण पडवीतला तो मातीचा ट्रे काढू नये, पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा लागणारच आहे.