पास्कलचा नियम आणि ब्रेकची नळी

कवठे महांकाळवरून जाणाऱ्या मिरज-पंढरपूर रस्त्यावर पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारसायकली आजही धावताना दिसतात. अशा गाडीची पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली, की कधी कधी ती मऊ लागते आणि पार मुठीपर्यंत येते. मेकॅनिक चाकाकडे जाणारी काळी रबरी नळी वाकवून पाहतो, तिच्यावरच्या भेगा दाखवतो आणि म्हणतो, “पाइप बदलावा लागेल.” या हातभर नळीमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली घेतले. पण ते यंत्र एका जागी उभे असे. गाडीचे चाक मात्र वर-खाली होते, वळते. तेथपर्यंत दाब न्यायचा तर वाकेल पण फुगणार नाही अशी नळी आणि न गळणारा पिस्टन हवा. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीला माल्कम लॉकहीडच्या पद्धतीचे द्रवदाबाचे ब्रेक होते. त्याच्या सुरुवातीच्या रचनेत पिस्टनला कातड्याच्या वाट्या असत व त्या गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्याजागी रबरी वाट्या वापरल्या आणि १९२४ साली हे ब्रेक आपल्या मोटारींना बसवले. नियम तयार होता. खोळंबा होता तो योग्य पदार्थाचा.

मोटारसायकलींत १९६९ सालच्या होंडा सीबी ७५० ने डिस्क ब्रेक रूढ केला. आपल्याकडच्या जुन्या राजदूत, येझदी या गाड्यांना ड्रम आणि ब्रेकची वायर असे. १९९९ साली आलेली सीबीझेड आणि २००१ सालची पल्सर यांच्याबरोबर पुढचा डिस्क ब्रेक अनेकांच्या ओळखीचा झाला. त्या पिढीतल्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत.

ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी रबर कडक होऊन तडकते. आतले अस्तर सैल झाले, की लिव्हरने ढकललेला द्रव नळी फुगवण्यातच खर्च होतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. सतत ब्रेक लावल्याने ऑइल उकळले, तर वाफ होते. वाफ दाबली जाते, चाक मात्र थांबत नाही.

म्हणून नळी बदलताना तांब्याचे वायसर नवे घालतात, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ताजे ऑइल भरतात आणि सगळे बुडबुडे निघेपर्यंत ‘एअर काढतात’. लिव्हर घट्ट लागते ना आणि सांध्यातून गळत नाही ना, हे पाहूनच गाडी आधी सावकाश चालवून पाहतात. सवय नसणाऱ्याने हे काम स्वतः करू नये.

वर्गात मात्र एक प्रयोग अवश्य करावा. सुया काढलेल्या दोन लहान-मोठ्या सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून पाण्याने भराव्यात. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबताच मोठीचा उचलला जाईल. मग आत मुद्दाम एक मोठा बुडबुडा सोडून पुन्हा दाबावे. दट्ट्या मऊ का लागतो, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.