एका आडव्या रेघेचे भांडण

शाळेतल्या जुन्या नकाशात युरोपच्या मध्यभागी 'चेकोस्लोव्हाकिया' हे नाव सापडते. मुलांना ते वाचायला लावा आणि विचारा, या नावात राष्ट्रे किती? एक की दोन? तिथल्या लोकांनाही हा प्रश्न अनेक वर्षे सुटला नव्हता.

१९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि चेक व स्लोव्हाक यांनी मिळून प्रजासत्ताक स्थापन केले. त्याआधी मे महिन्यात अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे दोन्हींकडच्या स्थलांतरितांनी केलेल्या करारात स्लोव्हाकियाला स्वतःचे प्रशासन व न्यायालये देण्याचे ठरले होते. १९२० च्या राज्यघटनेत मात्र 'चेकोस्लोव्हाक राष्ट्र' असा एकच शब्द आला. त्याच वर्षीच्या कायद्याने 'चेकोस्लोव्हाक भाषा' राज्यभाषा ठरली. गंमत म्हणजे अशी भाषा कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. लोक चेक बोलत किंवा स्लोव्हाक.

मग हा शब्द हवा कशाला? १९२१ च्या जनगणनेत 'चेकोस्लोव्हाक' सुमारे ८७ लाख, तर जर्मन ३१ लाख भरले. स्लोव्हाक वेगळे मोजले असते तर ते सुमारे २० लाख, म्हणजे जर्मनांपेक्षा कमी! चेकही जेमतेम निम्मे उरले असते. जोडशब्दामुळे जवळजवळ दोन तृतीयांश बहुमत तयार झाले.

आपल्या व्याकरणाच्या भाषेत, हा समासाचा वाद होता. स्लोव्हाकांना 'आईवडील'सारखा द्वंद्व समास हवा होता, दोन्ही पदे सारख्याच मानाची. प्रागचे राज्यकर्ते तो शब्द एकाच राष्ट्राचे नाव म्हणून वापरत.

साम्यवादी राजवट गेल्यावर, जानेवारी १९९० मध्ये अध्यक्ष हावेल यांनी देशाच्या नावातून 'समाजवादी' हा शब्द काढण्याचे सुचवले. तेव्हा स्लोव्हाक प्रतिनिधींनी दोन नावांमध्ये संयोगचिन्ह मागितले. चेकांना ते खटकले, कारण १९३८ च्या म्युनिक करारानंतर लचके तुटलेल्या देशाचे नाव तसेच लिहिले जाई. मार्चमध्ये तडजोड झाली. चेक भाषेत नाव जोडून लिहायचे, स्लोव्हाक भाषेत मध्ये रेघ द्यायची. त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. अखेर एप्रिलमध्ये 'चेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक' हे नाव ठरले.

३१ डिसेंबर १९९२ नंतर तो देश उरला नाही. रक्त न सांडता त्याचे दोन देश झाले. हे त्या रेघेमुळे घडले नाही. आर्थिक सुधारणांचा वेग आणि सत्तेची वाटणी यांवर एकमत होत नव्हते. मात्र दुखणे कुठे आहे, हे त्या रेघेने आधीच दाखवले होते.

वर्गात एखाद्या देशाचे नाव फळ्यावर लिहिताना म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: हे नाव कोणी ठेवले, आणि त्यात कोणाला वेगळे मोजायचे राहून गेले?