प्रेक्षकाची साक्ष

पुराव्याच्या कायद्यात एक साधा नियम आहे. जी गोष्ट डोळ्यांनी दिसण्यासारखी असते, तिच्याविषयी तोंडी साक्ष द्यावयाची ती जो म्हणतो की मी ती पाहिली, त्यानेच. १८७२ च्या कायद्याने हा नियम घालून दिला आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो कायम ठेविला आहे. चित्रपटांच्या बाबतीत मात्र गेली शंभर वर्षे व्यवहार उलट चालत आला आहे. चित्रपट पाहतो एक आणि त्याच्या वतीने बोलतो दुसराच. ज्याने पदरचे पैसे मोडून खेळ पाहिला, त्या सामान्य प्रेक्षकाच्या मताचा इतिहास म्हणून थोडा पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या देवस्थानांच्या परिसरात वाढलेल्या माणसास पाहिलेल्या खेळावर मत देणे नवे नाही. कीर्तन आटोपून आरती झाली की सभामंडपाच्या पायऱ्यांवर बुवांच्या आख्यानाची चिकित्सा सुरू होते. पूर्वरंग लांबला, उत्तररंग मात्र रंगला, असा निकाल प्रसादाचे केळे सोलता सोलता दिला जातो. जत्रेतील काल्यात किंवा रात्रभर चाललेल्या संगीत नाटकात रामाचे काम कोणी कसे केले, याची चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरते. या चर्चेत वेदमूर्ती भटजी असतात, दुकानदार असतात आणि पालखीचे भोई व वाजंत्रीही असतात. कथा सर्वांस ठाऊक असल्यामुळे ती कशी सांगितली, यावर बोलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे असे सारेच मानतात. भारतीय चित्रपटास आरंभी जो प्रेक्षक लाभला, तो असा पूर्वीच तयार झालेला होता.

किंबहुना भारतीय चित्रपटाचा उगमच एका प्रेक्षकाच्या मतातून झाला, असे म्हटले तरी चालेल. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांचे चिरंजीव धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहिला आणि पाहता पाहताच आपले राम आणि कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. हा अनुभव त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत सांगितला आहे. तो चित्रपट त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंसही दाखविला, आणि पुढे उद्योगासाठी त्या माउलीचे दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. रंगभूमीवर स्त्रीपार्टी पाहण्याची सवय असलेल्या लोकांनी त्याबद्दल काही तक्रार केली नाही. १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटात तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडीत, असे त्या काळच्या आठवणी सांगतात. जोडलेले हात हेही एक मतच होते. वर्तमानपत्रात ते छापून आले नाही, इतकेच.

येथे एका गोष्टीचा उच्चार देवस्थानाच्या वाचकांपुढे संकोच न करता केला पाहिजे. फाळक्यांचे रामकृष्णांचे चित्रपट ज्या नाशिकमध्ये तयार होत, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे कित्येक वर्षे चालला. देवळाच्या दारात ज्यास अडविले, तो मनुष्य चित्रगृहाच्या खिडकीवर काही आणे देऊन प्रायः रामाचे दर्शन घेऊ शकत होता. त्या पडद्यावरच्या रामाविषयी त्यास काय वाटले असेल? हाही आपला देव, असे वाटले, की विकत मिळणाऱ्या दर्शनाची चीड आली? त्याची साक्ष कोणी नोंदविली नाही. प्रेक्षकाच्या मताच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी रिकामी जागा होय, आणि ती रिकामी राहण्यास आम्ही मंदिराच्या आत बसणारे लोकही जबाबदार आहोत.

सरकारने मात्र साक्षी नोंदविण्याचा एक मोठा प्रयत्न केला. १९१८ साली सिनेमाचा कायदा झाला, आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे बसली. पुढे १९२७ साली मद्रासचे नामांकित वकील दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. अमेरिकन चित्रपटांमुळे गोऱ्या लोकांची प्रतिष्ठा कमी होते, ही राज्यकर्त्यांची चिंता होती. शिवाय ब्रिटिश चित्रपटांस या देशात सवलतीची जागा मिळावी, हाही हेतू होता. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका वाटल्या आणि देशभर फिरून ३५३ साक्षीदार तपासले. चित्रपट नीती बिघडवितात हा बोभाटा पुराव्याने सिद्ध होत नाही, असे तिचे मत पडले, आणि ब्रिटिश चित्रपटांस खास सवलत देण्याची कल्पनाही तिने मान्य केली नाही. सामान्य लोकांस आपले देशी चित्रपट अधिक आवडतात, हेही तिने नमूद केले. राज्यकर्त्यांच्या अपेक्षेविरुद्ध असे अहवाल लिहिणाऱ्या त्या वकिलाविषयी आमच्या व्यवसायाने अभिमान बाळगावा. तथापि साक्षीदारांच्या यादीत अधिकारी, शिक्षक, व्यापारी व समाजकार्यकर्ते यांचाच भरणा होता. सर्वांत स्वस्त तिकिटावर जमिनीवर बसून खेळ पाहणारा माणूस, ज्याच्या नीतीची सारी काळजी वाहिली जात होती, तो त्या यादीत शोधूनच काढावा लागेल.

याच समितीने महात्मा गांधींसही प्रश्नपत्रिका पाठविली होती. आपण कधी सिनेमास गेलोच नाही, म्हणून उत्तरे देण्यास आपण अपात्र आहोत, असे त्यांनी कळविले. त्याबरोबर सिनेमाने अपाय केला आहे, हे मतही सांगितले. पहिला भाग कसलेल्या साक्षीदारास शोभणारा आहे. दुसरा भाग आमच्यासारखा वकील, महात्माजींविषयी पूर्ण आदर राखूनही, पुराव्यात दाखल करून घेणार नाही. पुढे १९४४ साली जुहू येथे विश्रांतीस असता त्यांनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ चित्रपट पाहिला, हे येथे सांगणे न्यायाचे होईल.

प्रेक्षकाची साक्ष किती मोलाची आणि तिची मर्यादा कोठे, हे ‘संत तुकाराम’ चित्रपटावरून चांगले समजते. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला आणि एक वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परंतु तेथील परीक्षकांच्या आधी जत्रेतल्या तंबूत बसणाऱ्या वारकऱ्याने निकाल दिलेला होता. विष्णुपंत पागनीस यांस लोक तुकोबाच मानू लागले. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तर तुकोबांचाच अभंग म्हणून अनेकांनी स्वीकारले आणि भजनात म्हटलेही. येथे प्रेक्षक चुकला काय? ते पद कोणाचे, या प्रश्नावर तो चुकला, कारण ती गोष्ट पाहून कळण्यासारखी नव्हती. तेथे गाथ्याचा अभ्यासकच साक्षीदार व्हावयास हवा. पण त्या पदाने आपल्या अंतःकरणावर काय परिणाम केला, याविषयी त्याची साक्ष खरी होती, आणि ती उलटतपासणीत टिकेल अशी होती.

कोकणी भाषिकांस ही संधी फार उशिरा मिळाली. जेरी ब्रागांझा यांचा ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला. तोवर गोमंतकीय प्रेक्षक पडद्यावरील परक्या भाषांविषयीच मत देत होता; आपल्या घरची बोली पडद्यावर बरोबर बोलली गेली की नाही, हे सांगण्याची वेळ त्यास प्रथमच आली.

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या कायद्याने प्रेक्षकास निदान तत्त्वतः स्थान दिले. चित्रपटांचा जनतेवर होणारा परिणाम ज्यांस पारखता येईल, अशा व्यक्तींची सल्लागार मंडळे नेमण्याची तरतूद त्यात आहे. तरीही कोणाच्या भावनेचे माप लावावयाचे, हा प्रश्न उरतोच. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ मालिकेवर १९८८ साली बंदी मागण्यात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि मगच निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. परिणाम पारखावयाचा तो सारासार विचार करणाऱ्या, खंबीर मनाच्या सामान्य माणसाच्या दृष्टीने. जागोजागी धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या नव्हे, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. देशातील श्रेष्ठ न्यायासनाने येथे सामान्य प्रेक्षकास शहाणा मानले, आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मत देण्यापूर्वी स्वतः प्रेक्षक झाले.

आमच्या देवस्थानांच्या समित्यांकडे अमुक चित्रपटाचा निषेध करा, असे अर्ज अधूनमधून येत असतात. निषेध करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. श्रद्धेस धक्का लागला तर तो बोलून दाखविण्याचा हक्क श्रद्धावंतास आहेच. पण ठरावाखाली सही करण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच सांगावे की, चित्रपट मी पाहिला, आणि अमुक प्रसंग मला खटकला. असे सांगणारे पाच जण निघाले तर त्यांच्या शब्दास वजन येईल. एकही न निघाला, तर तो कागद समितीने परत करावा.