मृत्यूनंतर काय? परभणी जिल्ह्यात ऐकू येणारी पाच उत्तरं

कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर आली की खाली ‘आत्म्यास शांती लाभो’ची रांग लागते. पण मृत्यूनंतर आत्मा उरतो का आणि त्याच्या शांतीसाठी मागे राहिलेल्यांनी काही करायचं असतं का, यावर परभणी जिल्ह्यातच एकमत नाही.

हिंदू : कावळा शिवेपर्यंत
संत जनाबाईंचं जन्मगाव असलेल्या गंगाखेडला लोक गोदावरीत अस्थी सोडतात. रूढ समजुतीनुसार जीव काही दिवस घराभोवती घुटमळतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, की इच्छा उरली नाही असं मानतात. पुढचा जन्म कर्मानुसार.

लिंगायत : लिंगैक्य
बाराव्या शतकातल्या बसवण्णांना मानणारा हा समाज मृतदेह जाळत नाही. देह बसवून, विभूती लावून, हाती इष्टलिंग देऊन पुरतात. भक्त शिवात मिसळला, अशी श्रद्धा. म्हणून सुतक पाळू नये, ही मूळ शिकवण.

जैन : मधला मुक्काम नाही
जिंतूरजवळचं नेमगिरी हे जैनांचं तीर्थ. जैन मतानुसार आत्मा देह सोडताच दुसरा जन्म घेतो. वाटेत कुणी थांबलेलंच नसतं, त्यामुळे पिंडदानाला अर्थ राहत नाही.

मुस्लिम : कयामतची वाट
जनाज्याच्या नमाजनंतर दफन होतं. कयामतपर्यंतच्या मधल्या काळाला ‘बरजख’ म्हणतात. पुनर्जन्म नाही, शेवटी हिशोब, मग जन्नत किंवा जहन्नम. मागे राहिलेले मगफिरतीची, म्हणजे माफीची, दुआ मागतात.

बौद्ध : आत्माच नाही
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. १९५७ साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते कायम टिकणारा आत्मा नाकारतात. देह ज्या घटकांचा बनला, ते निसर्गात परत जातात, असं सांगतात. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मृताच्या चांगल्या कामांची आठवण काढली जाते.

मग मेसेज काय लिहायचा?
लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, मुस्लिम घरात मगफिरतीची दुआ, बौद्ध घरात ‘विनम्र अभिवादन’. आणि घरातली श्रद्धा माहीत नसेल, तर ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ हे कुठेही चालतं. मेलेल्याचं पुढे काय होतं यावर मतं वेगळी असली, तरी मागे राहिलेल्यांचं दुःख सगळ्यांनाच कळतं.