टीव्ही-होम थिएटरचा आवाज मधेच जातो? नवा डबा घेण्याआधी घरीच हे तपासा

जळगाव जामोद : गुरुवारची सकाळ. घरात पेनड्राइव्हवरून 'श्री गजानन विजय' ग्रंथाचं पारायण लावलेलं. आजी डोळे मिटून ऐकत बसलेली. मधेच तीन-चार सेकंद आवाज गायब होतो, परत येतो. टीव्हीवरचं चित्र मात्र चालूच. ओवीचा अर्धा भाग गेला, आजी म्हणते, "काय झालं रे त्याले?" पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

असं झालं की घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं टीव्ही गेला, कुणी म्हणतं डबा बदला, कुणी म्हणतं नवं होम थिएटरच घ्या. सोयाबीन-कपाशीचे पैसे हातात असले तर नवं घेतलंही जातं. पण बऱ्याचदा नव्या डब्यावरही तोच त्रास राहतो. कारण बिघाड डब्यात नसतोच. तो वायरीत, सेटिंगमध्ये, पेनड्राइव्हमध्ये किंवा लाईटच्या व्होल्टेजमध्ये असतो. यातलं बरंचसं घरी, एक रुपया खर्च न करता शोधता येतं. कसं, ते पाहू.

आवाजाचा रस्ता समजून घ्या

आवाज स्पीकरपर्यंत येताना चार टप्पे पार करतो. पहिला, जिथून येतो ते ठिकाण : पेनड्राइव्ह, इंटरनेट किंवा छत्री. दुसरा, तो उलगडणारं यंत्र : अँड्रॉइड बॉक्स, सेट टॉप बॉक्स किंवा स्मार्ट टीव्ही. तिसरा, जोडणी : एचडीएमआय वायर, ऑप्टिकल वायर, ऑक्सची पिन किंवा ब्लूटूथ. चौथा, स्पीकर : टीव्हीचा स्वतःचा, साउंडबार किंवा होम थिएटर. या चौघांनाही लाईट लागते, म्हणून पाचवी गोष्ट व्होल्टेज.

बिघाड यातल्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

आधी या दोन परीक्षा करा

परीक्षा पहिली : आवाज जिथे गेला ती वेळ लिहून ठेवा. समजा १२ मिनिटं ४० सेकंदांवर गेला. आता तोच व्हिडिओ दोन मिनिटं मागे घेऊन पुन्हा लावा. बरोबर त्याच ठिकाणी परत गेला तर फाइलच खराब आहे. डबा, वायर, स्पीकर कशालाच हात लावू नका. दुसऱ्या ठिकाणी गेला, किंवा या वेळी गेलाच नाही, तर फाइल ठीक असण्याची शक्यता जास्त. पुढची परीक्षा करा.

परीक्षा दुसरी : होम थिएटर किंवा साउंडबार काढून टाका आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर अर्धा तास ऐका. आवाज एकदाही गेला नाही तर दोष जोडणीत, सेटिंगमध्ये किंवा होम थिएटरमध्ये आहे. टीव्हीवरही जात असेल तर दोष डब्यात, पेनड्राइव्हमध्ये, नेटमध्ये किंवा लाईटमध्ये आहे.

एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरही बदलली, सेटिंगही बदलली आणि आवाज सुधारला, तर नेमकं कशानं सुधारला हे कळत नाही. महिन्याने तोच त्रास आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लक्षणावरून कारण ओळखा

१) चित्र आणि आवाज दोन्ही अडकतात

हा आवाजाचा बिघाड नाही. माल पोचायलाच उशीर होतो आहे. नेटवर पाहत असाल तर स्पीड कमी पडतो. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस स्पीड सतत लागतो. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की तो मिळत नाही. व्हिडिओची क्वालिटी 'ऑटो'वरून ४८० वर आणा. भिंगारा, चाळीसटापरीसारख्या सातपुड्यातल्या गावांत जिथे रेंजच कमी, तिथे व्हिडिओ आधी डाउनलोड करून नंतर पाहणं हाच खरा उपाय.

छत्रीवर पाहत असाल आणि पाऊस-वाऱ्यात असं होत असेल तर सिग्नल कमी झालेला आहे. डीडी फ्री डिशची छत्री जीसॅट-१५ या उपग्रहाकडे लावलेली असते. ती बोटभर हलली तरी सिग्नल पडतो. नटबोल्ट घट्ट आहेत का आणि वायरच्या टोकाला गंज चढला आहे का, ते पाहा.

पेनड्राइव्हवर पाहत असाल तर तीच फाइल मोबाईलमध्ये टाकून चालवा. मोबाईलवर नीट चालली तर पेनड्राइव्ह मंद किंवा खराब आहे. बाजारात ६४ जीबी लिहिलेले पण आत जागा कमी असलेले बनावट पेनड्राइव्हही विकले जातात. त्यात जास्त माल भरला की फाइली मधून तुटतात.

२) चित्र चालू, आवाज मधेच दोन-तीन सेकंद जातो

हा सर्वांत जास्त दिसणारा त्रास. होम थिएटर किंवा साउंडबार एचडीएमआय नाहीतर ऑप्टिकल वायरने जोडलेला असेल तर दोन कारणं तपासा.

पहिलं कारण वायर. पिन काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. चित्रपट सुरू असताना वायर हळूच हलवून पाहा. हलवल्यावर आवाज गेला तर वायर किंवा सॉकेट सैल आहे. ऑप्टिकल वायर काटकोनात दुमडू देऊ नका, तिच्या आत बारीक तंतू असतो आणि त्यातून उजेड जातो. साउंडबार टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत लावायचा, तिच्यावर 'एआरसी' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या खाचेत लावला तर टीव्हीचा आवाज साउंडबारवर येतच नाही.

दुसरं कारण सेटिंग. डबा डॉल्बीचा आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवतो, याला 'पासथ्रू' म्हणतात. समोरच्या साउंडबारला तो नीट पकडता आला नाही की आवाज तुटतो. उपाय सोपा आहे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधा. तिथे 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' असेल तर 'पीसीएम' करा. अँड्रॉइड बॉक्समध्ये साउंड सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड' आणि त्यात 'फॉरमॅट' निवडायची जागा असते. तिथे 'नन' निवडा. कंपनीप्रमाणे ही नावं थोडी वेगळी असतात. यामुळे सराउंडचा आवाज साधा स्टिरिओ होतो, पण दोनच स्पीकर असतील तर कानाला फरक जाणवत नाही.

३) पॉज करून पुन्हा लावलं की सुरुवातीचे एक-दोन शब्द जातात

स्पीकर बिघडलेला नाही, तो झोपलेला असतो. आवाज थांबला की साउंडबार वीज वाचवायला शांत होतो आणि पुन्हा जागा व्हायला सेकंद-दोन सेकंद घेतो. साउंडबारमध्ये 'ऑटो पॉवर' किंवा 'इको' असेल तर बंद करा. कोडी ॲप वापरत असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह' आहे, ते 'ऑलवेज' करा. ही सेटिंग दिसली नाही तर त्याच पानावरचा 'बेसिक' हा स्तर बदलून 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' करा.

४) काही फाइलींना आवाजच नाही, बाकी सगळं ठीक

फाइलमधला आवाज डीटीएस किंवा डॉल्बी प्रकारातला असतो आणि तुमच्या टीव्हीला तो प्रकार वाचता येत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरऐवजी व्हीएलसी हे मोफत ॲप टाकून त्यात फाइल उघडा. बहुतेक वेळा आवाज येतो. व्हिडिओला दोन भाषांचे आवाज असतील तर 'ऑडिओ ट्रॅक' बदलूनही पाहा.

५) ब्लूटूथ स्पीकरचा आवाज तुटतो

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतं. घरातला वायफाय राउटर बऱ्याचदा त्याच लहरींवर असतो. दोघं एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन बैलगाड्यांसारखे अडतात. स्पीकर राउटरपासून चार-पाच हात लांब ठेवा. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर टीव्ही तिला जोडा. मधे जाड भिंत किंवा लोखंडी कपाट नको. माणसाचं शरीरही या लहरी अडवतं, म्हणून समोर गर्दी बसली की आवाज तुटतो. बॉक्सला यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावलेली असेल तर तीही या लहरींत अडथळा आणते, ती थोडी लांब ठेवा.

मोबाईलवरून स्पीकर लावला असेल तर दोन गोष्टी आणखी. एक, व्हॉट्सॲपचा मेसेज वाजला की भजन क्षणभर दबतं किंवा थांबतं, हा बिघाड नव्हे. पारायणाच्या वेळी मोबाईल सायलेंट करा. दोन, 'बॅटरी सेव्हर' चालू असेल तर मोबाईल गाण्याचं ॲप स्वतःच बंद करतो. तो बंद ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणाचा मोबाईल त्याच स्पीकरला जोडलेला नाही ना, हेही पाहा.

६) फ्रीज, कूलर किंवा मोटार सुरू झाली की आवाज जातो

हा लाईटचा प्रश्न आहे. घरात साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. मोठी मोटार सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येतं. बल्ब डिम होतो, आणि कमकुवत अडॅप्टरवरचा डबा त्याच क्षणी अडखळतो. टीव्ही, डबा आणि होम थिएटर कूलर-फ्रीजच्या बोर्डवरून काढून वेगळ्या बोर्डवर लावा. डब्याबरोबर आलेलाच अडॅप्टर वापरा. मोबाईलचा कुठलाही चार्जर लावला तर तो पुरेसा करंट देईलच असं नाही. बॉक्सला मोठी हार्डडिस्क लावलेली असेल तरी असंच होतं, कारण डब्याची यूएसबी खाच तिला पुरेशी वीज देऊ शकत नाही.

रोज संध्याकाळी बल्ब डिम होत असेल आणि शेजाऱ्यांकडेही तेच असेल, तर दोष घरात नाही, लाईनमध्ये आहे. १९१२ या टोल फ्री नंबरवर ग्राहक क्रमांक सांगून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

७) तास-दीड तासाने आवाज तुटायला लागतो

डबा तापतो आहे. आपल्या घाटाखालच्या तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या घरात, टीव्हीच्या मागे, वर रुमाल टाकलेला डबा असेल तर तो किती तापेल! डबा मोकळ्या हवेत ठेवा, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या, वरचं कापड काढा. तासाने हात लावून पाहा. हात टेकवत नसेल तर बंद करून थंड होऊ द्या. न वापरलेली ॲप काढून टाकली तरी जुन्या डब्यावरचा भार हलका होतो.

हे मात्र करू नका

होम थिएटरमधून सतत 'हूंऽऽ' असा आवाज येतो म्हणून काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडतात. हूं थांबतो, पण यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट राहत नाही. मग ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. ओल्या पायाने, लहान लेकरांच्या घरात हा खेळ जिवावर बेततो. हूं येत असेल तर वायरमनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, कोरड्या मातीत अर्थिंग काम करत नाही.

टीव्ही किंवा होम थिएटरचं मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

विजा कडकडायला लागल्या की नुसता खटका बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छत्रीची वायरही डब्यातून काढा.

आवाज सुधारण्याच्या नावाखाली कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ॲपची फाइल टीव्हीत टाकू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. त्याच टीव्हीवर तुमचं गुगल खातं उघडलेलं असतं, हे विसरू नका.

दुकानात जायची वेळ आली तर

वरचं सगळं करूनही आवाज जातो, तर दुकानदाराला 'आवाज जातो' एवढंच सांगू नका. टीव्हीच्या स्पीकरवर जातो की नाही, किती वेळाने जातो, कोणती वायर बदलून पाहिली, हे सांगा. जमलं तर आवाज जातानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. दुकानात नेलं की यंत्र नेमकं नीट चालतं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

बिल आणि गॅरंटी कार्डचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गॅरंटीत असूनही दुरुस्ती टाळली जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथूनही सुटलं नाही तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. दोन्हीकडे पहिली गोष्ट विचारतात ती बिल. म्हणून पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

थोडक्यात

- त्याच मिनिटाला जातो : फाइल खराब.
- चित्रही अडकतं : नेट, छत्री किंवा पेनड्राइव्ह.
- फक्त होम थिएटरवर जातो : वायर घट्ट करा, सेटिंग 'पीसीएम' करा.
- सुरुवातीचे शब्द जातात : 'इको' बंद करा.
- ब्लूटूथवर तुटतो : राउटरपासून लांब ठेवा.
- कूलर लावल्यावर जातो : बोर्ड वेगळा करा, अडॅप्टर पाहा.
- तासाने तुटतो : डबा थंड ठेवा.
- अर्थिंगची पिन कधीच तोडू नका.

ही यादी घरातल्या पोरा-पोरींना दाखवा. शनिवारी-रविवारी तासभर बसून तपासलं तर पुढच्या गुरुवारी आजीचं पारायण अखंड होईल, आणि नव्या डब्याचे पैसे खिशातच राहतील.