पाटी गाडीची, जबाबदारी नावाची

गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो, हा आपल्याकडचा नियम. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत याच्या उलट आहे. तिथे जुनी गाडी विकताना मालक पाट्या काढून स्वतःकडे ठेवतो आणि नवी घेतली की कार्यालयात कळवून त्याच पाट्या तिला लावतो. ब्रिटनमध्येही आपला नंबर राखून दुसऱ्या गाडीवर चढवता येतो. आपल्याकडे पाटी गाडीची, बदलतं ते मालकाचं नाव. ते नाव वेळेवर बदललं नाही की काय होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

विश्रांतवाडीत माझं जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांचं काम आहे. आळंदी रस्त्यावरचं फुलेनगरचं आरटीओ इथून हाकेच्या अंतरावर. माझे वडील संगम पुलाजवळच्या मुख्य कार्यालयाबाहेर बसून नंबर प्लेट रंगवायचे. या नंबरांवर आमच्या दोन पिढ्यांचं पोट भरलं, म्हणून त्यांचा इतिहास माहीत करून घ्यावासा वाटला. तो इतिहास वाचताना एक गोष्ट मनात पक्की झाली: हा सगळा खटाटोप गाडी ओळखण्यासाठी नव्हता, तिच्यामागचा माणूस सापडावा यासाठी होता.

१८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर धातूची पट्टी हवी आणि तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि नंबर स्पष्ट लिहिलेला हवा. म्हणजे पहिल्या पाटीवर नाव होतंच. पुढे मोटारी वाढल्या, वेगही वाढला. धावत्या गाडीवरचं नाव-पत्ता वाचणार कोण? ब्रिटनने १९०३ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना नंबर सक्तीचे झाले. नाव पाटीवरून उतरलं आणि सरकारी दप्तरात गेलं. पाटीवर फक्त नंबर राहिला. तेव्हापासून रस्त्यावरचा नंबर आणि दप्तरातलं नाव यांना जोडणारा एकच धागा आहे, तो म्हणजे नोंदणी. तो तुटला तर पाटी म्हणजे नुसता पत्रा.

आपल्या मुंबई इलाख्यानेही फार वेळ लावला नाही. मुंबईचा मोटार वाहन कायदा १९०४ चा. बंगाल, मद्रास, पंजाब यांचेही आपापले कायदे होते. १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला आणि १९३९ मध्ये त्याची जागा घेणारा सविस्तर कायदा आला. त्याच्या परिशिष्टात प्रांताप्रांताला अक्षरं वाटून दिली होती. मुंबई राज्याच्या गाड्यांचे नंबर ‘बी’पासून सुरू व्हायचे. १९६० मध्ये महाराष्ट्र वेगळा झाला आणि आपल्याकडे ‘एम’ आला: तीन अक्षरं, पुढे जास्तीत जास्त चार आकडे. खाजगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. वडिलांच्या हातून अशाच पाट्या गेल्या.

ते काम बसल्या बैठकीला दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पत्रा घासून त्यावर काळा रंग चढवायचा, तो वाळला की खडूने ओळी आखायच्या आणि मग चपट्या ब्रशने अक्षर एका दमात ओढायचं. नियमात मोटारीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांमधलं अंतरही १० मिलिमीटर ठरलेलं आहे. वडील लाकडी पट्टीवर या खुणा कोरून ठेवत. पुढे ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करून मागणारी गिऱ्हाइकं यायला लागली, तेव्हा त्यांनी ती परत पाठवली. रस्त्यात कुणी पडलं तर बघणाऱ्याला नंबर वाचता आला पाहिजे, असं ते म्हणत. आज मला ते पूर्णपणे पटतं.

त्या काळात गाडी ‘नावावर’ असणं ही मोठी गोष्ट होती. मोटारींत निवड दोन-तीन कंपन्यांची, आणि आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी पुण्यातल्याच माणसांना वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. नंबर लागला की काही जण तीच स्कूटर वाढीव भावाने विकून टाकत. गाडी एकाच्या दारात, कागद दुसऱ्याच्या नावावर. स्टॅम्प पेपरवर विक्रीची चिठ्ठी लिहायची, आरसी-टीसी बुक हातात द्यायचं आणि ‘ट्रान्सफर नंतर करू’ म्हणायचं, ही सवय तेव्हापासून आपल्या अंगात मुरली. आरसी म्हणजे नोंदणीचं आणि टीसी म्हणजे कराचं पुस्तक. ते कापडी बांधणीचं बुक ज्याच्या कपाटात, गाडी त्याची, असा लोकांचा समज झाला. तो चुकीचा होता आणि आजही चुकीचाच आहे. कायद्याने मालक म्हणजे दप्तरात ज्याचं नाव आहे तो.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि ‘एमएच’ची पाटी आली. मुंबई मध्यला ०१, कोल्हापूरला ०९, सांगलीला १०, साताऱ्याला ११ आणि पुण्याला १२. पिंपरी-चिंचवडला १४ मिळाला. विश्रांतवाडीत हा फरक रोज दिसतो. चौकातून आळंदीकडे निघालं की कळसपर्यंत पुणे महापालिका, पुढे दिघीला पिंपरी-चिंचवड लागतं. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत एकीकडे बारा पासिंग आणि दुसरीकडे चौदा पासिंग. शिवाय भोवती लष्कराची ठाणी आणि संस्था, लोहगावचा हवाई तळ; वर तोंड केलेल्या बाणाने सुरू होणारे सैन्याचे नंबर इथल्या मुलांना पाठ असतात.

याच लष्करी कुटुंबांना एक अडचण कायम होती. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते. म्हणजे मूळ आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी काढा, नव्या राज्यात कर भरा, नवा नंबर घ्या, जुन्या राज्याकडून कराचा परतावा मागा. दर बदलीला हेच. माझ्याकडे येणाऱ्या जवानांच्या बायका या फाइली घेऊन यायच्या. नवरा सीमेवर आणि गाडीचे कागद यांच्या गळ्यात. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू झाली आणि संरक्षण दलातल्या, केंद्र-राज्य सरकारच्या आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरदारांची ही धावपळ संपली. सरकारने केलेल्या बदलांत मला हा सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

बाकीच्यांसाठी नाव बदलण्याची रीत तशी सोपी आहे. विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून कळवायचं, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत. घेणाऱ्याने फॉर्म ३० भरायचा, तीस दिवसांच्या आत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा जोडायचा. मोटारीच्या हस्तांतराची मूळ सरकारी फी ३०० रुपये, दुचाकीची १५०.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चासी नंबरचा ठसा. हा नंबर काही गाड्यांत बॉनेटखाली, काहींत पुढच्या सीटखालचा गालिचा उचलल्यावर सापडतो. आधी फडक्याने धूळ आणि ग्रीस पुसायचं. कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिलीचं टोक आडवं करून हलक्या हाताने घासायचं. काळ्या कागदावर पांढरे आकडे उमटत जातात. हल्ली पेन्सिल थेट धातूवर घासून त्यावर चिकटपट्टी दाबतात आणि तीच उचलून फॉर्मवर लावतात. तो ठसा आरसीवरच्या नंबराशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. पाटी बदलता येते, रंग बदलता येतो. लोखंडात कोरलेला नंबर खोडला तर खाडाखोड दिसते. चोरीची गाडी कागदावर स्वच्छ दिसली तरी इथे पकडली जाते. म्हणून मी आजही प्रत्येक ठसा स्वतः घेते आणि गिऱ्हाइकालाही शेजारी उभं करून दाखवते.

एवढं सोपं असूनही लोक टाळतात. मग एके दिवशी विकून टाकलेल्या गाडीचं चलन मोबाइलवर येतं, तेव्हा धावत येतात. चलन ही तर लहान गोष्ट. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की अपघात झाला तेव्हा नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्या खटल्यातली मोटार एकापाठोपाठ एक अनेकांच्या हातात गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर होती. जबाबदारी त्याच्यावर आली. न्यायालयाचं कारण मला मनापासून पटतं. ज्याचा माणूस रस्त्यावर गेला, त्याने गाडी कुणी कुणाला कधी विकली याचा शोध घेत दारोदार फिरायचं का?

नोंदणीच झाली नसेल तर काय, हे पुण्याने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिलं. इथून जवळच्या कल्याणीनगरमध्ये एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या मोटारीला नंबर प्लेट नव्हती. कर्नाटकातल्या तात्पुरत्या नोंदणीवर ती पुण्यात आली होती आणि कायम नोंदणीची १,७५८ रुपयांची फी भरलेली नव्हती, असं परिवहन खात्याने तेव्हा सांगितलं. कोट्यवधींच्या गाडीपुढे हा आकडा वाचून मला फार चीड आली, ती अजून गेलेली नाही.

पाटी आता पुन्हा बदलली आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळ्यावरची पांढरी अक्षरं जाऊन पांढऱ्यावर काळी आली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली: ॲल्युमिनिअमचा पत्रा, निळसर चक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक आणि एकदा बसवल्यावर न मोडता न निघणारं कुलूप. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावायला सांगितली गेली. मोटारीला ७४५ आणि दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढली. रंगवणाऱ्यांचा धंदा यात संपला. वडिलांचे ब्रश माझ्याकडे आहेत, पण या पाटीला माझा विरोध नाही. त्यांना हवं होतं ते, म्हणजे वाचता येणारा आणि बदलता न येणारा नंबर, यंत्राने करून दिलं.

मला खंत वाटते ती आपण नंबराला जेवढी किंमत देतो तेवढी नावाला देत नाही याची. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले; मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ या नंबरासाठी चार लाखांचे सहा लाख झाले. असा नंबर पती-पत्नी आणि मुलांच्या नावे करण्याची मुभाही तेव्हा दिली गेली. हौस असेल त्याने जरूर घ्यावा. पण त्याच शहरात कितीतरी गाड्या दिवंगत वडिलांच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतात. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, एवढंच काम असतं. शेतजमिनीचा सातबारा आपण जसा वारसांच्या नावावर करून घेतो, तसाच गाडीचा कागदही करून घ्यायला हवा.

म्हणून वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. गाडी विकत असाल तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नका. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरलेल्या फॉर्मवर सही करा, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि महिन्याभराने परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. गाडी घेत असाल तर चासी नंबरचा ठसा तुमच्यासमोर घ्यायला लावा, बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका आणि आरसीबरोबर विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. घरात कुणाची गाडी अजून जुन्या मालकाच्या किंवा गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर या आठवड्यातच ते काम हातावेगळं करा.