उडप्याकडे

‘चला, उडप्याकडे जाऊ’ म्हटलं की मुंबई-पुण्यातल्या घरात पत्ता कुणी विचारत नाही.

शब्द मुळात गावाचा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं उडुपी. आख्यायिका त्याला संस्कृताकडे नेते: ‘उडु’ म्हणजे तारा आणि ‘उडुप’ म्हणजे ताऱ्यांचा स्वामी, चंद्र. दक्षाच्या शापातून सुटायला त्याने इथे तप केलं म्हणे. तुळू बोलणारे मात्र गावाला ‘ओडिपु’ म्हणतात.

कृष्णमठाच्या स्वयंपाकासाठी नावाजलेल्या या मुलखातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत आली. माटुंग्याचं रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२ सालचं; तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात.

मराठीने काय सुरेख केलं पाहा! शिंपी-शिंप्याकडे, तसं उडपी-उडप्याकडे. गावाचं नाव आधी माणसाला चिकटलं, मग त्याच्या हॉटेलला, आणि सामान्यरूपासकट मराठी झालं. मालक मंगळूरकडचे शेट्टी असले तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘उडपी’च. रविवारी संध्याकाळी तिथल्या एकाच टेबलावर आजोबांचा उपमा, नातवाचा ताटाबाहेर डोकावणारा पेपर डोसा आणि पुन्हा मागवलेली सांबाराची वाटी दिसते. आता तर शेजारी पावभाजी आणि शेजवान नूडल्सही आल्यात, तरी नाव बदललेलं नाही.